मदत हवी आहे: इटालियन रणगाड्याची तोफ टरेटमध्ये बसत नाही

दर्यासारंग
लवकर सांगा कुणीतरी. रविवारी प्रदर्शन आहे आणि मॉडेल अर्ध्यावर अडकलंय. इटालियन मीडियम रणगाडा, १:३५ स्केल. किट सेकंडहँड घेतलं, सूचनापत्रक नाही. तोफेची नळी टरेटमध्ये (वरच्या फिरत्या बुरुजात) जातच नाही. समोर दोन भोकं आहेत, दोन्ही नळीपेक्षा बारीक. ड्रिल मारून एक मोठं करू का? आज रात्रीच चिकटवायचंय.

खटपट्या
कुठला रणगाडा? एम ११/३९, एम १३/४०, एम १४/४१, सगळे मीडियमच. डब्यावर काय लिहिलंय?

दर्यासारंग
डब्याचं झाकण नाही. सुरुवातीचा आहे एवढं नक्की. ड्रिल मारू की नको?

पितळी नळी
किटमधली नळी वापरूच नका. जोडरेघ घासून जात नाही, नळी लंबगोल होते. पितळेची लेथवर काढलेली मिळते, मी प्रत्येक मॉडेलला तीच लावतो.

खटपट्या
ड्रिल खाली ठेवा आधी. हलच्या (टरेटखालच्या मुख्य धडाच्या) पुढच्या भागात, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, मोठी खाच आहे का?

दर्यासारंग
आहे. त्यात काय जातं?

खटपट्या
तोफ! म्हणजे हा एम ११/३९. ११ टनांचा, १९३९ चा. याची ३७ मिमी तोफ हलमध्येच असते आणि डावी-उजवीकडे जेमतेम १५-१५ अंश फिरते. टरेटमधल्या भोकांत दोन ८ मिमी ब्रेडा मशीनगन जातात. स्प्रूवर (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर) बारीक नळ्यांची जोडी असेल, शोधा.

दर्यासारंग
सापडली! बसली पण.

इतिहासप्रेमी
मुळात रचनाच चुकलेली. शत्रूचा रणगाडा बाजूने आला की तोफ रोखायला अख्खं धूड वळवायचं. वर टरेटात एकटा माणूस, हाताने टरेट फिरवणार आणि मशीनगनही तोच चालवणार. चिलखत जास्तीत जास्त ३० मिमी, तेही रिव्हेट मारलेलं. ब्रिटिशांची दोन पाउंडर तोफ ते सहज भेदायची. ९ डिसेंबर १९४० ला इजिप्तमधल्या निबेइवाच्या इटालियन छावणीत काय झालं? पहाटे ब्रिटिशांचे माटिल्डा रणगाडे छावणीच्या मागच्या बाजूने आले, बाहेर उभे असलेले वीसहून जास्त एम ११/३९ तयारीत यायच्या आतच संपले. तिथले इटालियन सेनानी जनरल मालेत्तीही तिथेच मारले गेले.

खटपट्या
माटिल्डाचं चिलखत ७८ मिमी. त्यापुढे ही ३७ मिमीची तोफ काय करणार? मशीनगनने चौफेर पायदळ थोपवायचं आणि हलमधल्या तोफेने समोरचं मोठं लक्ष्य फोडायचं, असा विचार होता. लिबियाच्या वाळवंटात तो निकामी ठरला. पण इटालियनांना हे कळलं नव्हतं असं नाही. म्हणून तर जेमतेम १०० बांधून ते एम १३/४० कडे वळले. त्यात ४७ मिमी तोफ थेट टरेटमध्ये आहे.

इतिहासप्रेमी
तरी सत्तरेक लिबियात पाठवलेच ना? कळूनही माणसं त्यात बसवली, माझा आक्षेप त्यालाच आहे.

सातारकर
निबेइवावर माटिल्डांच्या मागून चढलेलं पायदळ आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचं होतं, ते कुणीच लिहीत नाही. एम ११/३९ पूर्व आफ्रिकेत एरिट्रियातही होते, २४. जानेवारी १९४१ च्या अखेरीस अगोरदातला तिथेही माटिल्डांनीच त्यांना गाठलं. पुढे एरिट्रियातल्याच केरेनच्या डोंगरांवर आपली मराठा लाइट इन्फंट्री लढली. शाळेच्या पुस्तकात केरेनला एक ओळ तरी द्यायला हवी. आमच्याकडच्या कितीतरी गावांतून माणसं गेली होती.

पितळी नळी
अवांतर नको. दर्यासारंग, प्रायमर (रंगाआधीचा थर) कुठला मारताय? पावसाळी हवेत स्प्रे मारलात तर रंग पांढुरका पडतो.

दर्यासारंग
प्रायमर झाला. आता खुणा. डिकॅलच्या (चिकटवायच्या खुणांच्या) पानावर पांढरे कांगारू आहेत, हे दुसऱ्या किटचे आलेत का? मला लिबियातल्या टोब्रुकच्या लढाईतला रणगाडा करायचाय.

खटपट्या
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं हो! बरोबरचेच आहेत. ऑस्ट्रेलियन सहाव्या डिव्हिजनच्या कॅव्हलरी रेजिमेंटने पकडलेले रणगाडे जानेवारी १९४१ मध्ये टोब्रुकच्या हल्ल्यात वापरले. स्वतःच्याच बाजूच्या लोकांनी गोळ्या घालू नयेत म्हणून मोठाले कांगारू रंगवले होते. टरेटच्या बाजूंना लावा, हलवरही. ब्रशने रंगवल्यासारखे ओबडधोबड दिसू द्या. कडा फार सुबक झाल्या तर जुन्या फोटोंशी जुळणार नाही.

दर्यासारंग
लावतो. एरियल कुठे लावू? तार तयार आहे.

इतिहासप्रेमी
लावू नका. बहुतेक एम ११/३९ मध्ये रेडिओ बसवलाच नव्हता.

पितळी नळी
तार ठेवा, टोइंग केबलला कामी येईल. एका मिमीची आहे का?