ट्रोपोनिनची स्त्रियांसाठी वेगळी मर्यादा: उपचारांत फरक पडला का?

निशिगंध:
आईच्या रक्ततपासणीच्या अहवालात ट्रोपोनिनची (हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) कमाल मर्यादा पुरुषांसाठी लिटरमागे ३४ नॅनोग्रॅम, तर स्त्रियांसाठी १६ अशी छापलेली आहे. ही मर्यादा वेगळी का, आणि ती वेगळी केल्याने स्त्रियांना उपचार खरोखर अधिक मिळू लागले का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

केवडा:
निरोगी माणसांपैकी ९९ टक्के ज्या पातळीच्या आत असतात, ती मर्यादा धरली जाते. स्त्रियांमध्ये ही पातळी मुळातच कमी असल्याने दोघांना एकच आकडा लावला, तर स्त्रियांमधील इजा नजरेतून निसटते. स्कॉटलंडमधील १० रुग्णालयांत ४८,२८२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात अधिक संवेदनशील चाचणी आणि वेगळ्या मर्यादा वापरल्यावर हृदयस्नायूला इजा झाल्याचे निदान स्त्रियांमध्ये ४२ टक्क्यांनी वाढले, पुरुषांमध्ये अवघ्या ६ टक्क्यांनी. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र क्लेशदायक आहे: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयधमनीच्या विकारावरचे उपचार स्त्रियांना पुरुषांच्या सुमारे निम्मेच मिळाले आणि त्यांच्या प्रकृतीचे पुढचे चित्रही सुधारले नाही.

सह्यवारा:
ट्रोपोनिन रक्तक्षयाने, जंतुसंसर्गाने किंवा हृदयाच्या अनियमित गतीनेही वाढते, त्यामुळे या तफावतीचा काही भाग रास्त असू शकतो, सगळा नव्हे. अमेरिकेतील ‘व्हर्गो’ अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्या, ५५ वर्षांपर्यंतच्या रुग्णांपैकी ८७ टक्के स्त्रियांनी व ८९.५ टक्के पुरुषांनी छातीतील त्रास सांगितला होता. तरीही अशाच तक्रारीसाठी आधी डॉक्टरांकडे जाऊन आलेल्यांपैकी ५३ टक्के स्त्रियांची आणि ३७ टक्के पुरुषांची तक्रार हृदयाशी संबंधित मानली गेली नव्हती. ‘बायकांची लक्षणे निराळीच असतात’ हे आपण इतके घोकले आहे, की तिने छातीत दुखते असे स्पष्ट सांगितले तरी ते पित्तावर ढकलले जाते.

निशिगंध:
तफावत कमी झाल्याचे एखादे तरी उदाहरण आहे का?

केवडा:
आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने २०१४ मध्ये धमनी पूर्ण बंद होऊन येणाऱ्या झटक्यासाठी सर्वांना एकच कार्यपद्धती लावली, जिच्यात कॅथलॅब (बंद धमनी नळीद्वारे उघडण्याची खोली) सज्ज करण्याचा निर्णय तातडीच्या विभागातील डॉक्टरांनीच घ्यायचा आणि तपासणीयादी पाळायची असे ठरले. आधी रुग्णालयात आल्यापासून धमनी उघडेपर्यंत स्त्रियांना सर्वसाधारणपणे ११२ आणि पुरुषांना १०४ मिनिटे लागत. नंतर ९१ आणि ८९.

आईंच्या बाबतीत एका आकड्यावर थांबू नका. काही तासांनी पुन्हा केलेल्या तपासणीतील चढउतार आणि ईसीजी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.