जर्मनीचा आकडा मुंबईत चालेल का?

घरांच्या उष्णतारोधनाचे जर्मनीचे नियम जसेच्या तसे इथे आणा, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. तिथला पहिला उष्णतारोधन नियम 1977 चा, तेलटंचाईनंतरचा. घरातली ऊब बाहेर जाऊ नये ही त्यांची चिंता. म्हणून सगळा भर भिंतीच्या यू-व्हॅल्यूवर, म्हणजे भिंतीतून किती उष्णता आरपार जाते त्या मापावर (जितकं कमी तितकं चांगलं): आजच्या कायद्यात नव्या घरासाठी संदर्भ म्हणून धरलेली बाहेरची भिंत 0.28 ची आहे. आपली प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत 2 च्या आसपास येते. आकडे शेजारी ठेवले की लाज वाटते खरी, पण आपला शत्रू वेगळा आहे, ऊन.

आपली 2018 ची इको निवास संहिता, म्हणजे घरांसाठीची केंद्राची ऊर्जाबचत नियमावली, म्हणूनच वेगळं मोजते. भिंती आणि खिडक्या मिळून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी 15 वॉटच्या आत हवी. त्यात काचेचा प्रकार, खिडकीची दिशा, वरचा छज्जा सगळं धरलं जातं. शिवाय मुंबईसारख्या दमट हवेत उघडता येणाऱ्या खिडक्या चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश. वारा खेळता हवा ही अट जर्मन माणसाला जानेवारीत सांगून बघा!

तुलनाच करायची तर सिंगापूरशी करा. हवा आपल्यासारखीच, आणि तिथे 2008 पासून ग्रीन मार्क या हरित इमारत मानांकनाचे किमान निकष नव्या इमारतींना सक्तीचे आहेत. आपल्याकडे संहिता कागदावर बरी आहे, पण राज्याने अधिसूचना काढून ती बांधकाम परवानगीला जोडल्याशिवाय बिल्डर पश्चिमेला अख्खी काच लावतच राहणार.