गुठळीचा धोका ‘कमी’, पण आयुर्मानाचा गट ‘मध्यम’: दोन गुणांकनांचा मेळ कसा घालावा?

निशिगंध:
माझ्या थोरल्या बहिणीला (वय ५४) इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स या पेशी अस्थिमज्जेत गरजेपेक्षा जास्त तयार होण्याचा आजार, असल्याचे अस्थिमज्जेच्या तपासणीनंतर निश्चित झाले आहे. प्लेटलेट्स नऊ लाख, पांढऱ्या पेशी १२,००० आणि जॅक-२ उत्परिवर्तन (त्या नावाच्या जनुकातील बदल) सापडलेले. आजवर रक्ताची गुठळी झालेली नाही, रक्तदाब, मधुमेह किंवा धूम्रपानही नाही. डॉक्टरांच्या टिपणात सुधारित इप्सेट (या आजारातील धोका मोजण्याची गुणांकन पद्धत) यानुसार गुठळीचा धोका ‘कमी’, तर आयुर्मानाच्या इप्सेटनुसार गट ‘मध्यम’ असे लिहिले आहे, आणि मी मूळ २०१२ चे गुणांकन लावून पाहिले तर गुठळीचा धोकाही ‘मध्यम’ येतो. यांपैकी कोणते खरे मानावे? शिवाय ज्या प्लेटलेट्सची आम्हाला सर्वाधिक धास्ती आहे, त्यांचा आकडा यांपैकी एकाही सूत्रात नाही, हे कसे?

अक्षांश:
तीनही निष्कर्ष नियमांप्रमाणे बरोबर आहेत. ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. मूळ इप्सेट साठीपुढील वयाला १, पूर्वीच्या गुठळीला २, रक्तदाब-मधुमेह-धूम्रपान यांसारख्या घटकांना १ आणि जॅक-२ ला २ गुण देते, म्हणून आपल्या बहिणीचे २ गुण होऊन ती मध्यम गटात जाते. २०१५ च्या सुधारणेत गुणांची बेरीजच काढून टाकली: साठीच्या आत, गुठळी झालेली नाही, पण जॅक-२ आहे, असे रुग्ण ‘कमी’ गटात ठेवले आणि साठीपुढील वय, गुठळी व जॅक-२ या तिन्हींपैकी काहीच नसलेल्यांना त्याखाली ‘अतिकमी’ असा वेगळा गट दिला. म्हणजे पायरीचे नाव बदलले, बहिणीचे रक्त नव्हे. या ‘कमी’ गटात हृदयविकाराचे जोखीम घटक नसलेल्यांमध्ये वर्षाला शंभरात साधारण दीड जणांना, तर ते असलेल्यांमध्ये सुमारे अडीच जणांना गुठळी झाल्याचे आढळले. त्यामुळे टिपणातल्या विशेषणापेक्षा हा आकडाच डॉक्टरांशी बोलताना समोर ठेवावा.

आयुर्मानाचे गुणांकन जॅक-२ पाहतच नाही. तेथे साठ किंवा अधिक वयाला २, अकरा हजार किंवा अधिक पांढऱ्या पेशींना १ आणि पूर्वीच्या गुठळीला १ गुण आहे. आपल्या बहिणीचा एकमेव गुण पांढऱ्या पेशींचा आहे. मध्यम गटाचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) साडेचोवीस वर्षे नोंदले गेले, पण तो आकडा तिच्यावर जसाच्या तसा चिकटवू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण पंचाहत्तरीचा, गुठळी न झालेला, पांढऱ्या पेशी सामान्य असलेला रुग्णही केवळ वयाच्या २ गुणांमुळे याच गटात बसतो आणि मध्यक दोघांचे मिळून काढलेले असते.

प्लेटलेट्सचा आकडा मुद्दाम वगळलेला नाही. तो वाढला म्हणून गुठळ्या त्याच प्रमाणात वाढतात, असे अभ्यासांत दिसले नाही. उलट प्लेटलेट्स दहा लाखांच्या फार वर गेल्या, तर फॉन विलेब्रांड घटक हे रक्त गोठण्यास मदत करणारे प्रथिन त्यांच्यामुळे कमी होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि अशा वेळी ॲस्पिरिन देण्यापूर्वी त्या घटकाची चाचणी करतात.

निशिगंध:
मनःपूर्वक आभार. मग साठी ओलांडताच ती एका दिवसात ‘उच्च’ धोक्याची होईल का?

अक्षांश:
कागदावर होईल, कारण सुधारित इप्सेटमध्ये साठीपुढील वय आणि जॅक-२ एकत्र आले की गट ‘उच्च’ ठरतो. शरीरात मात्र धोका हळूहळू चढत असतो, आणि साठ ही रेषा केवळ सोयीसाठी आखलेली आहे. त्या गटात सहसा ॲस्पिरिनच्या जोडीला हायड्रॉक्सियुरियासारखे पेशी कमी करणारे औषध सुचवले जाते, म्हणून त्याची चर्चा त्या वाढदिवसाच्या आधीच सुरू व्हावी.

मध्यान्ह:
मी पॉलिसायथेमिया व्हेरा या याच कुळातील, तांबड्या पेशी जास्त तयार होण्याच्या आजाराचा रुग्ण आहे, म्हणून एक सावधानतेची सूचना. शोध घेताना आपल्याला हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) ४५ टक्क्यांखाली ठेवण्याचा सल्ला हमखास दिसेल. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६५ रुग्णांच्या चाचणीवर आधारलेला असून, त्यात हिमॅटोक्रिट ४५ ते ५० ठेवलेल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू किंवा मोठी गुठळी यांचे प्रमाण सुमारे चौपट निघाले होते. ती चाचणी पॉलिसायथेमियाची होती. तिचे निष्कर्ष थ्रॉम्बोसायथेमियाला लावता येत नाहीत. मात्र जॅक-२ असलेल्या काही रुग्णांचे निदान पुढे पॉलिसायथेमियात बदलते, त्यामुळे हिमोग्लोबिन व हिमॅटोक्रिट यांवर लक्ष असू द्यावे. गुठळी यकृताच्या किंवा पोटातील शिरांमध्येही होऊ शकते, तेव्हा कारण न सापडणाऱ्या पोटदुखीकडे दुर्लक्ष करू नये, हे मी अनुभवाने सांगतो.