प्रतिसाद: बूस्टचा लॉग वाचताना

"फुल थ्रॉटलला मॅप १७० दाखवतोय, म्हणजे १.७ बार बूस्ट" असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ते पटत नाही. मॅप म्हणजे मॅनिफोल्डमधला, इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब. ओबीडीवरचा (गाडीच्या निदान-पोर्टवरून मिळणारा) तो आकडा निरपेक्ष दाबाचा, म्हणजे निर्वातापासून मोजलेला, किलोपास्कलमधला (१०० म्हणजे १ बार). त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा करायचा, उरतो तो जादा दाब म्हणजे बूस्ट. इंजिन बंद ठेवून नुसती इग्निशन चालू केली की दिसतो तोच तुमचा शून्य. समुद्रसपाटीला साधारण १०१, पुण्यात ९५च्या आसपास. म्हणजे मुंबईत १७० दिसले तर खरा बूस्ट ०.७ बारच्या आतबाहेर. आयडलला ३५ दिसतात तेही याच गणिताने व्हॅक्यूम.

पण कुणी सेन्सरच्या जागेबद्दल बोललंच नाही. जुन्या मिनी कूपर एस (आर५३) सारख्या गाडीत थ्रॉटल आधी, मग ईटनचा सुपरचार्जर (बेल्टवर फिरून हवा दाबणारा ब्लोअर), मग ती हवा थंड करणारा इंटरकूलर. तिथे ब्लोअरच्या आधी एक आणि मॅनिफोल्डवर एक, असे दोन्ही दाब एकाच लॉगमध्ये घ्या. सावकाश क्रूझ करताना बायपास (ब्लोअरला वळसा देणारी झडप) उघडा असतो, दोन्हीकडे व्हॅक्यूम आणि फरक किरकोळ. पाय पूर्ण दाबला की पहिला जवळपास बाहेरच्या दाबाइतका यायला हवा. तो खालीच रेंगाळला तर फिल्टर किंवा इनटेक चोंदलाय. पहिला ठीक पण मॅनिफोल्डचा चढत नसेल तर आधी बायपास आणि पाइपांचे जोड बघा, बेल्टही घसरत असेल. ब्लोअरची पुली बदलायचा खर्च नंतर!

आणि ओबीडीला लावायच्या स्वस्त डोंगलवर दहा-दहा गोष्टी एकदम मागू नका. आरपीएम, थ्रॉटल, मॅप, बस्स. नाहीतर दोन नोंदींच्या मधेच बूस्ट येऊन जातो.