मदत हवी आहे: स्टॉर्म कंट्रोल लावूनही लॅबचं नेट बसतंय

लॅब_२०: स्टॉर्म कंट्रोल (ब्रॉडकास्टचा पूर अडवणारी सेटिंग) लावलंय, लेव्हल १ टक्का. तरी दुपारपासून सगळ्या पोर्टचे दिवे एकदम लुकलुकतात, पिंग टाइमआउट. रीस्टार्ट करूनही तेच. उद्या ऑनलाइन परीक्षा आहे, लवकर सांगा.

कन्सोल_केबल: स्विच कुठला? कुठल्या पोर्टवर लावलंय? लॉगमध्ये काय आहे?

लॅब_२०: सिस्को २९६०, २४ पोर्ट. कोअरच्या, म्हणजे मुख्य स्विचकडे जाणाऱ्या, अपलिंकवर लावलंय, आणखी कुठे लावणार?

कन्सोल_केबल: स्टॉर्म कंट्रोल पोर्टमधून आत येणारा ट्रॅफिक मोजतं. लूप (फिरून त्याच स्विचमध्ये आलेली केबल) लॅबमध्येच असेल तर अपलिंकवर काही अडणार नाही, उलट कोअरकडून येणारे एआरपी-डीएचसीपी (पत्ता शोधायचे, आयपी मिळवायचे संदेश) गळतील. तिथून काढा, पीसीच्या पोर्टवर टाका: *स्टॉर्म-कंट्रोल ब्रॉडकास्ट लेव्हल पीपीएस ५०० २००*. पीपीएस म्हणजे सेकंदाला पॅकेट. टक्के नकोत. १०० एमबीवर ५ टक्के म्हणजे छोट्या फ्रेम सेकंदाला सात हजारांवर जातात.

क्रिंपिंग_टूल: कॅट ५ असेल तर आधी सगळीकडे कॅट ६ ओढा.

रॅकवाला: ॲक्शन शटडाउनही टाका, पोर्टच बंद पडेल. नाहीतर जास्तीच्या फ्रेम नुसत्या गळतात, लूप तसाच राहतो.

कन्सोल_केबल: परीक्षेच्या आदल्या दिवशी नको. आधी ॲक्शन ट्रॅप (नुसता इशारा) ठेवा, *शो स्टॉर्म-कंट्रोल* मध्ये रोजचा आकडा बघा, मग शटडाउन.

रॅकवाला: ट्रॅप बघायला रात्री कोण बसणार? शटडाउनच बरं.

लॅब_२०: भांडू नका. लॉगमध्ये मॅकफ्लॅप (एकच मॅक पत्ता दोन पोर्टवर उड्या मारतोय), व्हीलॅन २० (स्विचमधलं वेगळं नेटवर्क), फा ०/७ आणि फा ०/१९. दोन्ही पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) आणि बीपीडीयूफिल्टर एनेबल.

कन्सोल_केबल: हे आधी सांगायला हवं होतं. फिल्टर असलेला पोर्ट बीपीडीयू (लूप ओळखायला स्विच पाठवतात ते संदेश) पाठवत नाही आणि आलेले बघतही नाही. म्हणजे तिथे स्पॅनिंग ट्री (लूप तोडणारी यंत्रणा) बंदच. ७ आणि १९ च्या केबल हाताने धरून शेवटपर्यंत जा. टेबलाखाली छोटा स्विच असेल, नाहीतर आयपी फोन. फोनच्या मागे ‘पीसी’ लिहिलेल्या जॅकची केबलही कुणीतरी भिंतीत खोचलेली असते. ती काढा, मग दोन्ही पोर्टवर:
*नो स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूफिल्टर*
*स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल*
दोन्ही ठेवलेत तर फिल्टरचंच चालतं. अपलिंकवर गार्ड नको, कोअरचा बीपीडीयू येताच तो पोर्ट बंद पडेल.

लॅब_२०: फोनच होता! दिवे शांत झाले. पण केबल काढायच्या आधीच कमांड टाकल्या, आता ०/१९ एर-डिसेबल (स्विचने स्वतःच बंद केलाय).

कन्सोल_केबल: गार्डने आपलं काम केलं. त्या पोर्टवर शटडाउन, मग नो शटडाउन. पुढच्यासाठी *एरडिसेबल रिकव्हरी कॉज बीपीडीयूगार्ड*, पोर्ट ३०० सेकंदांनी आपोआप उठेल. उठल्यावर *राइट मेमरी* करा, नाहीतर लाइट गेली की फिल्टर परत येईल.

क्रिंपिंग_टूल: फोनला व्हॉइस व्हीलॅन (आवाजासाठी वेगळं व्हीलॅन) दिलंय का?