श्रमावर कर की खरेदीवर?

स्नेहलतागंजकर: पगार हातात पडायच्या आधीच टीडीएस कापला जातो. राबायचं आणि वर दंडही भरायचा! प्राप्तिकर बंद करा, वस्तूंवरचा कर वाढवा. ज्याला कोटीची गाडी उडवायची त्याने भरावं. जो साधा राहून चार पैसे मागे टाकतो त्याला का छळता? शिवाय इंदूरच्या बाजारात जी कमाई कागदावर येतच नाही, ती खर्च होताना तरी सापडेल.

मालवी_मिरची: दंड कोणाला बसतो भिया? नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत प्राप्तिकर नाही. आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या श्रमावर आज कर शून्य. तू हटवतोस तो कर तुझा, वाढवतोस तो त्यांचा. समज, सरसकट १० टक्के लावले. मावशींचे १५ हजार सगळे खर्च होतात, म्हणजे कमाईतले १० टक्के गेले. तुझे दीड लाखातले निम्मे खर्च होतात, तुझे गेले ५.

स्नेहलतागंजकर: सरसकट कोण म्हणतं? सुटं धान्य, दूध, भाजी यांवर आजही जीएसटी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण १८ वरून ५ वर, आपली पाकीटबंद शेव १२ वरून ५ वर, वह्या शून्यावर, चैनीच्या वस्तू ४० वर. गरिबाला सांभाळून कर लावता येतो. आणि बचत काय, आज ना उद्या खर्च होणारच. तेव्हा कर येईल.

मालवी_मिरची: उतरलेले दर दाखवून दर वाढवा म्हणतोस, कमाल आहे. प्राप्तिकराचं भगदाड बुजवायला तोच साबण परत वर न्यावा लागेल, कारण ४० टक्केवाल्या गाड्या घेणारे असतात किती? मावशींच्या मोबाइल रिचार्जवर १८ टक्के, तुझ्याही रिचार्जवर तेवढेच. श्रमाचा एवढा कळवळा असेल तर हे बघ: शेअर वर्षभर ठेवून विकले की सव्वा लाखावरच्या नफ्याला साडेबारा टक्के, आणि २४ लाखांवरच्या पगाराला ३०. आधी ही दरी बुजव. भांडवलाला हात न लावता थेट किराण्यावर यायचं, यात श्रमाचा मान कुठे आला?

सियागंज_होलसेल: गल्ल्यावर बसून सांगतो. दर चढला की गिऱ्हाईकच म्हणतं, कच्चं बिल चालेल, भाव कमी करा. खर्चात सापडेल म्हणे!

पेन्शनर_काका: आम्ही प्राप्तिकर भरून उरलेल्यातून साठवलं. आता खर्चतानाही वाढीव कर भरायचा, म्हणजे त्याच पैशाला दोनदा कात्री. बाकी ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशीवरून १९५७ साली खर्च कराचा कायदा आला होता. तो दुकानातल्या वस्तूवर नव्हता, माणसाच्या वर्षभराच्या खर्चावर होता, आणि तोही धनिकांपुरता. १९६२ मध्ये गुंडाळला, १९६४ मध्ये परत आणला, १९६६ मध्ये पुन्हा बंद. वसुली नगण्य.

स्नेहलतागंजकर: काका, तेव्हा खर्च कळणार कसा? आता पॅन आहे, यूपीआय आहे. आणा तो कायदा परत, चढत्या दराने. पगार तेवढा सोडा.

मालवी_मिरची: म्हणजे रिटर्न भरणं आलंच! वर लग्नात ४० लाख उडवणारा ते सहा नातेवाइकांच्या नावावर दाखवणार. बरं, माफी किती खर्चापर्यंत देणार? कमी ठेवलीस तर मावशी अडकतात, जास्त ठेवलीस तर तिजोरी रिकामी. आकडा सांग, मग बोलू.