मदत हवी आहे: आर एस घेतोय, उद्या टोकन द्यायचंय (बडोदा)

अलकापुरीकर
नमस्कार मंडळी. स्कोडा ऑक्टाविया आर एस (ऑक्टावियाची जास्त ताकदीची आवृत्ती) मिळतेय, पांढरी, एकदम टकाटक. काल चालवली, भन्नाट पळते. मालक म्हणतो अजून दोन गिऱ्हाइकं मागे लागलीयत, उद्या संध्याकाळपर्यंत टोकन दिलं नाही तर गेली. किती वर्षं ही गाडी डोक्यात आहे! इंजिन आणि गिअरबॉक्सचं काय बघायचं तेवढं सांगा, बाकी सगळं ओके आहे. जरा लवकर प्लीज.

टॉर्कवाला
कुठली आर एस? २३० हॉर्सपॉवरची की २४५? साल, किलोमीटर, कितवा मालक? काहीच लिहिलेलं नाही. २०१७ ची २३० आणि २०२० ची २४५ या वेगळ्या गाड्या आहेत. २४५ तर भारतात २००च आल्या.

पुणेरी_चालक
ड्युअल क्लच (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स अजिबात घेऊ नका. माझ्या आधीच्या गाडीत मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट) गेला आणि बिल बघून घरात भांडणं झाली. मॅन्युअल घ्या, सुखी राहा.

टॉर्कवाला
तुमच्या गाडीत सात गिअरचा, कोरड्या क्लचचा असणार. साध्या १.८ ऑक्टावियातही तोच येतो आणि तक्रारी त्याच्या जास्त. आर एस २३० मध्ये सहा गिअरचा आहे, क्लच तेलात बुडालेले, ३५० न्यूटन मीटर आरामात पेलतो. फक्त त्याचं तेल आणि फिल्टर ६० हजार किलोमीटरला बदलायलाच हवं. बिल मागा. बिल नसेल तर बदललेलं नाही असं धरून किंमत पाडा.

पुणेरी_चालक
कोरडा असो की ओला, पैसे माझे गेले. पाच-सात वर्षं जुन्या गाडीत मी हा धोका कुणालाही घेऊ देणार नाही.

अलकापुरीकर
२३० आहे. डिसेंबर २०१७. ५८ हजार. पहिलाच मालक. किंमत इथे नको, व्यनि करतो. इंजिनचं सांगा ना कुणीतरी.

रिमॅप_नको
आधी आरसीवर सीसी बघा. १९८४ पाहिजे. १७९८ असेल तर ती साधी १.८, वरून आर एसचे बंपर आणि बिल्ले.

इंजिन थंड असताना बघा. मालकाला सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करायची नाही, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. सुरू होताना चेनचा खडखडाट येतो का ते कान देऊन ऐका. या इंजिनात थर्मोस्टॅट हाउसिंग आणि वॉटर पंपाजवळून कूलंट झिरपतं, तिथे गुलाबी डाग शोधा. शेवटचं म्हणजे रिमॅप, जास्त ताकदीसाठी इंजिनचं सॉफ्टवेअर बदललंय का ते. विकण्याआधी गाडी परत स्टॉकवर (मूळ सॉफ्टवेअरवर) आणतात, म्हणून नुसतं चालवून कळणार नाही. व्हीसीडीएस (गाडीचा कॉम्प्युटर तपासायचं सॉफ्टवेअर) असलेल्या माणसाकडून पूर्ण स्कॅन करून घ्या. वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये नोंदलेले किलोमीटर मीटरशी जुळतात का तेही त्यातच दिसेल.

नर्मदातीर
मुंबईहून आणत असाल तर आधी आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) घ्या, फॉर्म २८. आमच्या भाच्याने घेतली नाही, बारा महिन्यांच्या वर तशीच चालवली आणि रोड टॅक्सचा घोळ झाला.

अलकापुरीकर
सीसी १९८४ आहे, बघितलं. मुंबईची नाही हो, जीजे-०६ आहे, इथलीच.

वाडीकर_काका
इथलीच म्हणजे कुठली? उभी कुठे असते? २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात कुठे होती?

अलकापुरीकर
अकोट्यात, सोसायटीच्या तळमजल्याच्या पार्किंगमध्ये. पण काका, पुराचा काय संबंध? गाडी मस्त चालतेय.

वाडीकर_काका
बाळा, बडोद्यात गाडी घेताना पहिला प्रश्न तोच. विश्वामित्रीचं पाणी अकोट्यात, सम्यात, सयाजीगंजात कसं शिरलं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. चालू गाडीत एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ते लगेच कळतं. उभी गाडी बुडाली तर इंजिन बऱ्याचदा वाचतं. वायरिंग मात्र हळूहळू कुजतं, आणि तुझ्या हातात येईपर्यंत गाडी मस्तच चालते.

सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. वरचा भाग धुतात, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच राहते. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघ. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, कुणी पाना लावलाय का. कार्पेट उचलून खालचा फोम दाब, आणि जमिनीलगतच्या एखाद्या कनेक्टरमध्ये हिरवट चट्टा दिसतो का बघ. गाडीत अत्तराचा भपका येत असेल तर जास्त सावध राहा.

आणि मागच्या तीन वर्षांच्या विम्याच्या पॉलिसी मागून घे.

ई२०_त्रस्त
ही गाडी ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी बनलेली नाही, हे कुणीच बोलत नाहीये. रबरी नळ्या आणि इंधन पंप आधी बघा.

टॉर्कवाला
९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकायचं, विषय संपला.

ई२०_त्रस्त
कसा संपला? ऑक्टेन वेगळं आणि इथेनॉल वेगळं. ९५ मध्येही इथेनॉल असतं.

रिमॅप_नको
इथेनॉलचा धागा वेगळा काढा. त्याची उद्या टोकनची वेळ आहे.

अलकापुरीकर
पॉलिसी मिळाल्या. एनसीबी (क्लेम न घेतल्याची सूट) डिसेंबर २०२३ मध्ये ५० टक्के, डिसेंबर २०२४ मध्ये शून्य, नंतर २०. मालक म्हणतो बंपर घासला होता म्हणून क्लेम घेतला. पटतंय का?

रिमॅप_नको
एनसीबी शून्य होण्याचं एक कारण क्लेम, दुसरं पॉलिसी संपून ९० दिवसांच्या वर गेले. तारखा सलग आहेत का?

अलकापुरीकर
सलग आहेत.

वाडीकर_काका
मग क्लेमच, डिसेंबर २०२३ ते डिसेंबर २०२४ मधला. ५० टक्के सूट असलेला माणूस घासलेल्या बंपरसाठी ती घालवत नाही, खिशातून रंग मारून घेतो. त्याचं म्हणणं खरंही असेल, पण ते कागदावर दिसू दे. क्लेमची तारीख आणि वर्कशॉपचं बिल त्याला विमा कंपनीकडून मिळतं. बिलात बंपरच असेल तर मी स्वतः तुला पेढे देईन.

पुणेरी_चालक
टोकन देऊ नका. इथे माझं आणि काकांचं एकमत आहे.

अलकापुरीकर
फोन केला. क्लेमचं बिल शोधतो म्हणाला. स्कॅनला तयार आहे, पण कार्पेट उचलू देणार नाही, क्लिपा तुटतात म्हणे. टोकन थांबवलंय, शनिवारी लिफ्टवर घ्यायचं ठरलंय. जीव तुटतोय, पण ठीक आहे.

टॉर्कवाला
क्लिपा किरकोळ पैशात मिळतात. नव्या क्लिपांचे पैसे मी देतो म्हणून सांगा आणि काय उत्तर येतं ते इथे लिहा. लिफ्टवर आहेच तर लोअर आर्मचे बुशही (सस्पेन्शनची रबरं) बघा.

नर्मदातीर
मकरपुऱ्याच्या बाजूला व्हीसीडीएसवाला कुणी माहीत आहे का? मलाही माझी गाडी दाखवायची आहे.